बोर्डावरची हिरवी टाचणी

आमच्या हाऊसच्या कॉमन रूममध्ये, टीव्हीच्या डाव्या हाताला, एक प्लायवूडचा बोर्ड आहे. कॅडेट्सना तो वेगळा सांगायला नको, पालकांसाठी सांगतो. बोर्डावर पांढऱ्या रंगाने सात रकाने आखलेले आहेत: काम, जबाबदार कॅडेट, सुरुवात, शेवट, रिहर्सल, सामान आणि शेरा. प्रत्येक कामापुढे एक टाचणी टोचलेली असते. काम वेळेवर असेल तर हिरवी, मागे पडले असेल तर लाल. हाऊसकडे एखादा उपक्रम आला की रोज रात्रीच्या फॉल-इननंतर दहा मिनिटे सगळे इन्चार्ज बोर्डासमोर उभे राहतात आणि आपापल्या ओळीचा रिपोर्ट देतात. आम्ही सगळे त्याला नुसते ‘बोर्ड’ म्हणतो. ‘बोर्डावर उभा राहिलास का?’ असे कोणी विचारले की परीक्षेबद्दल बोलणे चालले नसून टाचणीबद्दल चालले आहे, हे पहिल्या महिन्यातच कळते.

आत्ता या बोर्डाबद्दल लिहिण्याचे कारण असे, की पुढच्या टर्मपासून हीच पद्धत छापील फॉर्मच्या रूपात सगळ्या हाऊसना आणि सगळ्या उपक्रमांना लागू करण्याचा विचार चालू आहे. फॉर्मचा नमुना नोटीस बोर्डावर लागला आहे आणि कॅडेट्सकडून सूचना मागवल्या आहेत. फॉर्म नीट भरल्याबद्दल हाऊसला गुणही मिळणार आहेत. मी फॉर्मच्या विरुद्ध नाही. पण एकच फॉर्म जसाच्या तसा प्रत्येक कामाला लावण्याच्या मी विरुद्ध आहे. का, ते सांगण्यासाठी मला स्वतःची एक गोष्ट सांगावी लागेल. ती हाऊस मास्टर सरांना माहीत आहे, घरी मात्र अजून सांगितलेली नाही. आई-बाबा, हे वाचून लगेच फोन करू नका. रविवारी मीच करतो.

आधी बोर्डाची बाजू. हा बोर्ड आमच्या सीनियर्सच्या सीनियर्सनी ॲन्युअल ॲथलेटिक मीटसाठी बनवला होता, आणि त्या कामासाठी त्याहून चांगली पद्धत मला तरी सुचत नाही. मीटची तारीख चार महिने आधी ठरलेली असते. प्रमुख पाहुण्यांना ‘सर, एक आठवडा पुढे ढकलू या का’ असे विचारता येत नाही. काम दरवर्षी तेच असते: ट्रॅकवर चुना मारणे, हीट्स, मार्च पास्ट, बँड, खुर्च्या, पिण्याचे पाणी, विजेत्यांचा मंच. चारशे मीटर ट्रॅकच्या रेषा मारायला सहा जणांना अर्धा दिवस लागतो हे मागच्या फाईलमध्ये लिहिलेले आहे. जे काम पूर्वी अनेकदा झालेले आहे, ज्याची तारीख हलत नाही आणि जे त्या संध्याकाळी संपते, त्याला सात रकाने आणि दोन रंग पुरतात. गेल्या मीटच्या दोन दिवस आधी अख्ख्या बोर्डावर एकच लाल टाचणी होती, कारण मंचाचा रंग वाळला नव्हता.

अडचण पुढे झाली. बोर्ड मीटसाठी चालला म्हणून तो सगळ्यासाठी चालेल असे आम्ही धरून चाललो. कोणी तसा हुकूम काढला नव्हता. बोर्ड भिंतीवर होता, रकाने आखलेले होते, वेगळे काही करायला डोके लावावे लागले असते, इतकेच.

मागच्या वर्षी, मी नववीत असताना, विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही लाईन फॉलोअर गाडी करायला घेतली. पांढऱ्या कागदावरची काळी पट्टी ओळखून तिच्यावरून आपोआप चालणारी ही छोटी गाडी असते. मी इन्चार्ज होतो आणि माझ्या हाताखाली आठवीचे दोन कॅडेट होते. आमच्यापैकी कोणीही अशी गाडी पूर्वी केलेली नव्हती. बोर्डावर ‘सेन्सर बसवणे’ अशी ओळ लिहिली आणि शेवटच्या रकान्यात तारीख टाकायची वेळ आली. किती दिवस लागतील याची मला काडीचीही कल्पना नव्हती. मी दोन दिवस लिहिले. दोन हा आकडा चांगला दिसत होता.

तिसऱ्या दिवशी टाचणी लाल झाली. चौथ्या दिवशीही लाल. सेन्सर कधी पट्टी दाखवायचे, कधी नाही. रोज रात्री विचारणा व्हायची, ‘कधी होणार?’ आणि मी म्हणायचो, ‘उद्या, सर.’ सहाव्या दिवशी फॉल-इनच्या आधी कॉमन रूममध्ये जाऊन मी लाल टाचणी काढली आणि हिरवी लावली. काम झालेले नव्हते. आठवीच्या दोघांपैकी एकाने मला पाहिले. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या ओळीवर, ‘बॅटरी होल्डर आणि स्विच’, हिरवी टाचणी आली. ते कामही झालेले नव्हते, हे मला नंतर कळले. मला सर्वांत जास्त लाज वाटते ती याची. माझे खोटे चोवीस तासांत त्याच्यापर्यंत पोहोचले होते, आणि मी त्याला तोंडाने एक शब्दही शिकवला नव्हता.

सेन्सर अकराव्या दिवशी बसले. गाडी रात्री लॅबमध्ये छान चालली. प्रदर्शनाच्या सकाळी हॉलच्या मोठ्या खिडक्यांतून ऊन आत येत होते. आमचे सेन्सर इन्फ्रारेड होते, आणि उन्हातही इन्फ्रारेड असतेच, त्यामुळे त्यांना काळे-पांढरे काही कळेना. गाडी पट्टी सोडून सरळ निघाली आणि पालकांच्या समोर टेबलावरून खाली पडली. एका काकूंनी ती उचलून दिली. उन्हात चालवून पाहायला आमच्याकडे चार दिवस होते, पण ते चार दिवस बोर्डानुसार ‘पूर्ण झालेल्या’ कामावर चोरून काम करण्यात गेले.

‘बोर्डावर तर सगळं हिरवं होतं,’ हाऊस मास्टर सर म्हणाले. त्या रात्री मी त्यांना जाऊन खरे सांगितले. शिक्षा झाली, ती योग्य होती, तिचे वर्णन इथे नको. पण सरांनी एक प्रश्न विचारला होता, ‘खोटं सांगावंसं का वाटलं?’ तेव्हा मी ‘भीती वाटली’ असे उत्तर दिले. आज मी थोडे वेगळे उत्तर देईन. टाचणी माझ्या हाताने बदलली आणि ती जबाबदारी मी प्लायवूडवर ढकलणार नाही. पण त्या बोर्डावर कामाच्या दोनच अवस्था होत्या, वेळेवर किंवा मागे. माझे काम तिसऱ्याच अवस्थेत होते: ‘अजून माहीत नाही’. त्या अवस्थेसाठी टाचणीच नव्हती. खरे सांगण्याचा एकच मार्ग होता, रोज लाल टाचणीखाली उभे राहण्याचा, जणू मी आळशीपणा केला आहे. पंधरा वर्षांच्या मुलाने तरीही खरेच सांगायला हवे होते हे मान्य. पण ज्या पद्धतीत खरे सांगायला जागाच नाही, तिच्यात खोटे लवकर शिरते, हेही मान्य करायला हवे.

दुसरे उदाहरण उलटे आहे. त्यात कोणीही खोटे बोलले नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये ऑबस्टॅकल कोर्सच्या मागच्या रिकाम्या पट्ट्यात दोनशे रोपे लावायचे काम आमच्या हाऊसकडे आले. त्याचाही मीच इन्चार्ज होतो. बोर्ड भरला. खड्डे, शेणखत, रोपे आणणे, पाट्या, पाहुण्यांसाठी झारी, फोटोग्राफर. रिहर्सलच्या रकान्याप्रमाणे आम्ही चक्क रोप लावण्याची रिहर्सल केली, पाहुणे कुठून येणार, रोप कोण हातात देणार, इथपर्यंत. ठरल्या दिवशी दोनशे रोपे एक तास चाळीस मिनिटांत लागली. सगळ्या टाचण्या हिरव्या होत्या आणि सगळ्या खऱ्या होत्या. दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे बोर्ड पुसला गेला.

बोर्ड पुसला त्याच दिवशी माली बाबांनी मला हटकले होते. ‘छुट्टी में सब घर जाओगे, पानी कौन देगा?’ मी हसून म्हणालो, ‘बाबा, अभी तो बारिश है.’ ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर मोजले तेव्हा एकाहत्तर रोपे जिवंत होती. इथला उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. मे-जूनमध्ये लू सुटते, आम्ही सगळे आपापल्या गावी आंबे खात असतो, आणि तारेच्या कुंपणातून नीलगायी आत येतात. या जुलैमध्ये तेवीस रोपे उरली होती.

बोर्डाच्या हिशेबाने हा उपक्रम शंभर टक्के यशस्वी होता. चूक शेवटच्या रकान्यात होती. मीट संध्याकाळी संपते, म्हणून मीटच्या बोर्डावर ‘शेवट’ म्हणजे कार्यक्रमाचा दिवस. झाडाचे काम त्या दिवशी सुरू होते. आणि ‘जबाबदार कॅडेट’ या शीर्षकामुळेच, ज्या माणसाला झाडांबद्दल सर्वांत जास्त कळत होते आणि जो सुट्टीत इथेच राहणार होता, त्याचे नाव बोर्डावर येऊच शकत नव्हते. माली बाबा कॅडेट नाहीत.

इथे काही जण म्हणतील, आणि आमच्या वर्गात म्हणालेच, की ही सैनिकी शाळा आहे. इथे सगळे सारखे असते. ड्रिल सगळ्यांना तेच, बूट तेच, केस तेवढेच. प्रत्येकाने आपल्या सोयीने पद्धत बदलली तर उरले काय?

मला हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. पण ड्रिल सारखे असते, कारण परेड ग्राउंड सपाट असते. तीच आमची उस्ताद मंडळी फील्डक्राफ्टच्या पिरियडला काय शिकवतात ते आठवा. सेक्शन तोच, सेक्शन कमांडर तोच, माणसे तीच. मोकळ्या मैदानात ॲरो हेड किंवा डायमंड, अरुंद वाटेवर सिंगल फाईल, अंतिम हल्ल्याच्या वेळी एक्स्टेंडेड लाईन. ‘पहले ज़मीन देखो, फिर फॉर्मेशन बोलो,’ हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की झोपेतही म्हणू. नाल्यातून जाताना एक्स्टेंडेड लाईन लावणाऱ्या सेक्शन कमांडरला कोणी शिस्तप्रिय म्हणणार नाही. आणि फॉर्मेशन बदलले म्हणून कमांडर कोण, इशारा कोणता, कोणी कुठे पाहायचे, या गोष्टी सुटत नाहीत. उलट त्या पक्क्या असतात म्हणूनच फॉर्मेशन इशाऱ्यावर बदलता येते. मला वाटते, आमचा गोंधळ इतकाच झाला, की प्लॅनिंगला आम्ही ड्रिलच्या पिरियडमध्ये टाकले. ते फील्डक्राफ्टमध्ये यायला हवे होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत हे सगळे मी मामाला सांगितले. मामा पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. मला वाटले होते तो म्हणेल, एवढ्याशा गाडीचे काय घेऊन बसलास. पण तो उठून बसला आणि म्हणाला, ‘अरे, तुझ्या बोर्डाचं भांडण साठ वर्षं जुनं आहे.’ मग त्याने मला पर्ट आणि सीपीएम या दोन पद्धतींबद्दल सांगितले, आणि मला ते इतके आवडले की थोडे विस्ताराने लिहितो.

दोन्ही पद्धती १९५०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत, जवळजवळ एकाच वेळी तयार झाल्या. सीपीएम ड्युपॉन्ट या रसायन कंपनीत, रेमिंग्टन रँड या संगणक कंपनीच्या मदतीने. रासायनिक कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागतो आणि जितके दिवस बंद तितके नुकसान. पण काम ओळखीचे असते. अमुक झडप बदलायला किती तास लागतात हे ठाऊक असते. म्हणून सीपीएममध्ये प्रत्येक कामाला एकच आकडा असतो, आणि प्रश्न असा असतो, की जास्त पैसे घालून कोणते काम लवकर उरकले तर सगळेच लवकर संपेल. पर्ट अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस प्रकल्पासाठी १९५८मध्ये तयार झाली. पाणबुडीतून पाण्याखालून सोडायचे क्षेपणास्त्र तोवर कोणी बनवलेलेच नव्हते, मग एका कामाला किती दिवस लागतील हे सांगणार कोण? म्हणून पर्टमध्ये एका कामाला तीन आकडे द्यायचे: सगळे सुरळीत झाले तर किती, बहुधा किती, आणि सगळे बिघडले तर किती. मधल्या आकड्याला चारने गुणायचे, बाकीचे दोन त्यात मिळवायचे आणि सहाने भागायचे. पोलॅरिसची पाण्याखालून पहिली यशस्वी चाचणी २० जुलै १९६० रोजी झाली.

मामाने मला माझ्या सेन्सरचा हिशेब करायला लावला. सगळे नीट झाले असते तर दोन दिवस. बहुधा पाच. सर्वांत वाईट म्हणजे चौदा, कारण नवे सेन्सर मागवायला आठवडा जातो. दोन अधिक वीस अधिक चौदा म्हणजे छत्तीस, भागिले सहा म्हणजे सहा दिवस. प्रत्यक्षात अकरा लागले, म्हणजे गणितही चुकलेच असते. पण बोर्डावर पहिल्या दिवसापासून ‘२–५–१४’ असे लिहिलेले असते तर सहाव्या दिवशी मी गुन्हेगार नसतो. चौदा हा आकडा सगळ्यांनी आधीच पाहिलेला असता, आणि ‘मग ऊन, प्रकाश वगैरे तपासायला वेळ ठेवलास का?’ असे कोणीतरी विचारले असते.

मामाने याच गोष्टीचा दुसरा भागही सांगितला. हार्वी सापोल्स्की या अभ्यासकाने १९७२मध्ये पोलॅरिसवर पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे, की पोलॅरिस यशस्वी झाला त्यात पर्टचा वाटा लोक समजतात तितका नव्हता. पर्टच्या तक्त्यांचा मोठा उपयोग बाहेरच्यांना दाखवण्यासाठी झाला, म्हणजे सगळे काही व्यवस्थित चालले आहे असे वाटून ते कामात लुडबूड करणार नाहीत. हे ऐकून मला माझी हिरवी टाचणी आठवली. मामाला म्हणालो, ‘म्हणजे मोठी माणसंसुद्धा?’ तो नुसता हसला.

प्रिन्स टू नावाची एक ब्रिटिश पद्धतही त्याच्या ऑफिसात वापरतात. ती मूळची ब्रिटिश सरकारच्या संगणक प्रकल्पांसाठी होती. १९९६मध्ये ती कोणत्याही प्रकल्पाला वापरता यावी म्हणून नव्याने मांडली गेली. तिची सात तत्त्वे आहेत आणि त्यांपैकी एक चक्क असे आहे, की पद्धत प्रकल्पाला साजेशी बदलून घ्या. म्हणजे बदल करणे ही तिथे सवलत नसून नियम आहे. मात्र ती सात तत्त्वे सोडता येत नाहीत. कोणाची कोणती जबाबदारी हे ठरलेले असणे, आधीच्या अनुभवातून शिकणे, काम टप्प्याटप्प्याने हाती घेणे, ही त्यांतलीच. मामा म्हणाला, ‘मापं बदल, शर्ट शर्टच राहिला पाहिजे.’

परत येताना रत्नागिरीहून गाडीत बसलो आणि थोड्याच वेळात करबुड्याचा बोगदा आला. तो साडेसहा किलोमीटर लांब आहे. कोकण रेल्वेचे काम १९९०मध्ये सुरू झाले आणि २६ जानेवारी १९९८ला सगळा मार्ग खुला झाला. सुमारे ७४० किलोमीटरच्या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत. श्रीधरन साहेबांचे नाव वेळेवर काम संपवण्यासाठी प्रसिद्ध आहे. कठीण खडकात परदेशातून आणलेल्या यंत्रांनी बोगदे भराभर पुढे सरकले. पण गोव्यातला पेडण्याचा बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा, आणि त्यानेच सगळ्यांना रडवले. तिथे खडक नव्हता, पाण्याने भिजलेली मऊ माती होती. खणले की वरून कोसळायचे. खडकातली यंत्रे तिथे निरुपयोगी होती, हाताने सावकाश खणत, आधार देत पुढे जावे लागले. अशा मऊ मातीच्या बोगद्यांत कामगारांचे जीवही गेले. एकच रेल्वे, एकच प्रमुख, पण एका बोगद्याचे वेळापत्रक दुसऱ्याला लावता आले नाही.

आता उस्तादांची हरकत. मी त्यांना हा लेख लिहिण्याआधी माझे मत सांगितले होते. ते म्हणाले, ‘बेटा, फॉर्म बदलने की छूट दी, तो जो खाना मुश्किल है वही सबसे पहले उड़ेगा.’ हे मला खोडता आले नाही, कारण आमच्याच बॅचच्या एका मित्राने ते करून दाखवले आहे. इंटर-हाऊस वादविवाद स्पर्धेचा तो इन्चार्ज होता. ‘वादविवादाला कसली रिहर्सल, वक्ते आपापलं भाषण पाठ करतात की’ असे म्हणून त्याने तो रकानाच काढला. स्पर्धेच्या दिवशी वेळेची घंटाच सापडेना. टाइमकीपरने सबंध स्पर्धा मेसमधून आणलेल्या चमच्याने ग्लास वाजवून काढली. मित्राने पद्धत कामाला साजेशी केली नव्हती, स्वतःच्या कंटाळ्याला साजेशी केली होती.

हे दोन बदल वेगळे कसे ओळखायचे, यावर मी बराच विचार केला. प्रत्येक रकाना म्हणजे पूर्वी कोणालातरी पडलेल्या एका प्रश्नाचे उत्तर असते. रिहर्सलचा रकाना विचारतो, ‘त्या दिवशी पहिल्यांदा काय होणार आहे, जे आज करून पाहता येईल?’ हा प्रश्न वादविवादालाही होता, घंटेचा होता. तेव्हा रकाना काढायचा असेल तर त्यामागचा प्रश्न आधी मोठ्याने वाचावा, आणि तो आपल्या कामात नाहीच किंवा दुसरीकडे सुटला आहे, हे सांगावे. सांगता आले नाही तर रकाना राहील. आणि बदल फॉल-इनला सगळ्यांसमोर सांगता यावा. मी टाचणी बदलली तेव्हा कॉमन रूममध्ये कोणी नाही हे आधी बघून घेतले होते. त्यावरूनच मला कळायला हवे होते.

या जुलैमध्ये रोपांचे काम पुन्हा आमच्याकडे आले आणि हाऊस मास्टर सरांनी बोर्ड नव्याने आखायची परवानगी दिली. ‘जबाबदार कॅडेट’मधला ‘कॅडेट’ पुसला. माली बाबांना विचारून त्यांचे नाव सुट्टीच्या आठवड्यांपुढे लिहिले. इन्चार्ज मी नाही, आठवीचा एक कॅडेट आहे, कारण मला यंदा बोर्डाची परीक्षा आहे (हा दुसरा बोर्ड), आणि तो अजून चार उन्हाळे इथे असणार आहे. ‘शेवट’ या रकान्यात लिहिले आहे: ‘दुसऱ्या जूननंतर जिवंत’. दोनशे रोपे एकदम लावली नाहीत. आधी चाळीस लावली आणि वाट पाहिली. त्यांतली नऊ गेली, त्यांपैकी सहा कुंपण तुटलेल्या बाजूची. म्हणून पुढच्या चाळीसला बाभळीच्या काट्यांचे कडे केले, आणि नळापासून लांब असलेल्या रोपांजवळ तळाला भोक पाडून सुती वात घातलेली जुनी मडकी पुरली. ती कल्पना बाबांची. या वेळी पाहुणे आले नाहीत आणि फोटोही बरा आला नाही. ऐंशीच रोपे लावली म्हणून दुसऱ्या हाऊसने चिडवलेदेखील. ही पद्धत बरोबर ठरली का, ते मी आज सांगू शकत नाही. जून अजून आलेला नाही.

आणि बोर्डावर आता पिवळी टाचणी आहे. तिचा अर्थ ‘अजून माहीत नाही’. ती आळशी मुलांसाठी पळवाट होईल अशी शंका सरांना होती. म्हणून नियम असा केला, की पिवळ्या टाचणीसमोर ‘कधी कळेल’ याची तारीख लिहायची आणि ते कळण्यासाठी उद्या काय करून पाहणार तेही सांगायचे. पहिल्या आठवड्यात पिवळ्या टाचण्या खूप झाल्या. मग कमी झाल्या, कारण तारीख सांगणे लालपेक्षा सोपे नाही हे सगळ्यांच्या लक्षात आले.

तेव्हा नव्या फॉर्मबद्दल माझी सूचना अशी. पुढचे पान सगळ्यांना सारखे असावे आणि ते कोणालाही बदलता येऊ नये. त्यावर एवढेच असावे: जबाबदार कोण, काम पूर्ण झाले हे कशावरून आणि किती दिवसांनी ठरेल, अडचण आली तर कोणाला आणि किती वेळात सांगायचे, आणि आपण इथे नसताना काम कोणाकडे राहील. मागचे पान कोरे असावे. तिथे हाऊसने कामाची जमीन पाहून आपले रकाने आखावेत, आणि नमुन्यातला जो रकाना घेतला नाही त्याच्या प्रश्नाचे काय केले ते एका ओळीत लिहावे. मीटचे मागचे पान बहुधा आजच्या बोर्डासारखेच दिसेल. दिसू दे, मीटला तेच शोभते.

एका गोष्टीबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. फॉर्म भरल्याबद्दल गुण देऊ नयेत. गुण मिळणार असतील तर फॉर्म सुंदर भरले जातील यात शंका नाही. प्रत्येक रकाना भरलेला असेल, अक्षर चांगले असेल, आणि सहाव्या दिवशी कोणीतरी नववीचा मुलगा एकटाच कॉमन रूममध्ये जाईल. गुण द्यायचेच असतील तर आलेली अडचण सर्वांत आधी सांगणाऱ्या हाऊसला द्यावेत. ते कसे मोजायचे हे मला नीट ठरवता आलेले नाही. कोणाला सुचले तर मला सांगा.

सूचना महिनाअखेरपर्यंत हाऊस मास्टरांकडे द्यायच्या आहेत. मी माझी दिली आहे. त्या आठवीच्या कॅडेटनेही, ज्याने मला टाचणी बदलताना पाहिले होते, स्वतःची वेगळी सूचना दिली आहे. ती काय आहे हे मी त्याला विचारलेले नाही.